तीन रविवारची पुकार

आमच्यात लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार पुकार होते. उपासना संपता संपता पाळकसाहेब मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत आहे का. कोणी बोलत नसतं. लोक तोवर चपला कुठं काढल्या ते आठवत असतात. हरकत घेतलेली मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. ती पहिल्यांदा घेतली गेली माझ्या नातीच्या लग्नात. मुलात खोट नव्हती, मुलीत नव्हती. हरकत माझ्यावर होती.

‘आमच्यात’ म्हणालो खरा, पण मी त्यांच्यात नसल्याला तीसेक वर्षं झाली. मी गवंडी माणूस. शाळा तिसरीपर्यंत, पण ओळंबा लावला की भिंत खोटं बोलत नाही एवढं मला कळतं. चर्चपुढचा पोर्च मीच बांधला. स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारा, तोवर खालच्या आधाराच्या फळ्या काढू नका, असं पंच कमिटीला बजावून सांगितलं होतं. पण नाताळ तोंडावर आला. कमिटीतल्या एका पंचानं, जो शाळेत माझ्याच पाटावर बसायचा, बाराव्या दिवशीच पाणी थांबवून फळ्या काढायला लावल्या. मंडपाला अडचण होत होती म्हणे. स्लॅबला भेग पडली. पुढच्या रविवारी तोच पंच सगळ्यांपुढं म्हणाला, मिस्त्रीनं काम सुरू करताना प्रार्थना केली नव्हती, म्हणून असं झालं.

मी जाग्यावर उठून म्हणालो, “प्रार्थना न्हाई, पाणी कमी पडलं.”

त्या दिवसापासून आत गेलो नाही. आधी फक्त राग होता. मग कामावर असताना विचार करत राहिलो, आणि देव हळूहळू माझ्यातून निघून गेला. त्याला परत बोलवावं असं कधी वाटलं नाही.

बायकोचा मात्र फार विश्वास. दर रविवारी मी तिला गाडीवर सोडायचो आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचो. मुलगा आणि सून जीपच्या अपघातात गेले तेव्हा नात चार वर्षांची होती. ती पण गाडीवर मध्ये बसून यायला लागली. घरी जेवताना त्या दोघी डोळे मिटायच्या, आणि मी म्हणायचो, “आटपा आता. भाकर गार होऊन राह्यली. त्याला ऐकू जात असंल तर एव्हाना गेलं.” नात लहान होती तोवर खुदकन हसायची. पुढं हसेनाशी झाली. मला वाटलं, पोरगी मोठी झाली.

आता बायको नाही. नात जालन्याला दवाखान्यात नर्स आहे. बदनापूरचा मुलगा तिचा तिनंच पाहिला, चांगला आहे, चर्चला जाणारा आहे. पहिल्या रविवारची पुकार बिनबोभाट झाली. दुसऱ्या रविवारी मी नेहमीसारखा लिंबाखाली बसलो होतो. भोंग्यातून पाळकांनी नावं वाचली, हरकत विचारली, आणि पंचाचा आवाज आला.

“माझी हाय. मुलीला बाप न्हाई, नवऱ्याच्या हातात तिचा हात देणार आजा. आजा देव मानत न्हाई. मंग हात देणार कोण?”

सगळ्या गल्लीनं ऐकलं. समोरच्या सायकलवाल्यानं पंक्चर काढायचं थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

उपासना सुटल्यावर पाळकांनी मला खोलीत बोलावलं. पाळक तरुण, माझा मुलगा गेला तेव्हा होता त्या वयाचा. पंच आधीच बसलेला.

“मिस्त्री,” पंच म्हणाला, “पुढच्या रविवारी उभा राह्य अन् म्हण, चुकलो, देवाला मानतो. दोन मिंटाचं काम.”

“अन् मानत नसलो तर?”

“तर काय? म्हणायला तुझं काय जातंय?”

“म्हणजे मी देवाच्या घरात खोटं बोलावं, असं तू मला सांगून राह्यला. बिलकुल बराबर हाय तुझं!”

पाळकानं तोंडावर रुमाल धरला. मग तो सावरून म्हणाला, “आजोबा, मुलीच्या कागदात काही कमी नाही. तिचं दृढीकरण झालेलं आहे.” आमच्यात बारशाला बाप्तिस्मा होतो, आणि लेकरू कळतं झालं की मंडळीपुढं उभं राहून माझा विश्वास आहे असं स्वतः सांगतं, ते दृढीकरण. नातीचं होऊ द्यायचं नाही असं मी घरात सांगून ठेवलं होतं. पाळकानं रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं. नातीचं नाव होतं. शेजारी बायकोची सही. ती सही मी ओळखतो, तिला मीच शिकवली होती. सहा वर्षांपूर्वीची तारीख.

मी रजिस्टर मिटून बाहेर पडलो आणि चहाच्या टपरीवर गेलो. तिथं आमचं चारपाच जणांचं बसणं असतं, देव न मानणाऱ्यांचं. त्यात एक रिटायर गुरुजी आहेत, ते बोलतात आणि आम्ही ऐकतो. मी सगळं सांगितलं.

गुरुजी म्हणाले, “रजिस्टर लग्न लावा. मिस्त्री, तुम्ही त्या पायरीवर पाय ठेवला, तर इथं बसू नका.”

“अन् पोरीचं मन?”

“तिला मन कुठंय? म्हातारीनं डोकं धुऊन ठेवलंय तिचं. तुमची बायको अडाणी होती, तुम्ही तर न्हाई ना?”

बाकीचे हसले. हाच विनोद मी स्वतः या टपरीवर कितींदा केला असेल. त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि मी चहा अर्धाच ठेवला. आणि मला एका गोष्टीचं नवल वाटलं. पंचानं मला उभं राहून मानतो म्हणायला सांगितलं. गुरुजींनी मला मानत नाही म्हणून पायरीसुद्धा न चढायला सांगितलं. पोरगी काय म्हणते, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मग मला आठवलं, मी तरी कुठं विचारलं होतं?

घरी नात मेथी निवडत होती. मी समोर बसलो.

“रजिस्टर पाह्यलं,” मी म्हणालो.

तिचे हात थांबले. “आबा, आजीला काही बोलू नका.”

“ती काय आता ऐकायला बसलीय? मी विचारून राह्यलो, रागावून न्हाई राह्यलो. कधी केलं?”

“आम्ही परतूरला मावशीकडं गेल्तो म्हणून सांगितलं ना, त्या रविवारी.”

तो रविवार मला पक्का आठवत होता. त्या दोघी परतूरला गेल्या म्हणून मी लिंबाखाली गेलोच नव्हतो. घरी गाडी धूत बसलो होतो.

“मंग परतूरला गेल्याच न्हाई?”

“कुठून जाणार? सकाळी पिशवीत पांढरी साडी घेतली, स्टँडच्या बाथरूममध्ये नेसले. तिथून चर्चमध्ये. ते झाल्यावर आजी म्हणाली, आत्ताच घरी गेलो तर आबा म्हणतील परतूर जवळ आलं का. मंग परत स्टँडवर येऊन बसलो. भजी खाल्ली. संध्याकाळची परतूरची गाडी आली अन् तिच्यातून उतरलेल्या लोकांच्या मागं मागं चालत घरी आलो.”

“अन् मी विचारलं होतं, मावशी कशीय.”

“आजी म्हणाली, बरी हाय.” नातीला हसू आलं, मलाही आलं. सहा तास त्या दोघी भज्याच्या कागदासमोर बसून होत्या, आणि मी त्यांना काय समजत होतो!

“इतकं काय भ्यायचं? मी कधी हात उगारला का?”

“न्हाई. तुम्ही हसला असता.”

मी तिच्यापुढची एक जुडी ओढून निवडायला लागलो. मग तीच म्हणाली, “आबा, तुम्ही खोटं बोलू नका. पण हात मला तुमचाच पाहिजे. पाळक विचारतील, ही मुलगी कोण देतो? तुम्ही नुसतं ‘मी’ म्हणायचं. त्यात देव कुठं येतो?”

“देव न्हाई येत, पण तू काय वस्तू हाय का देऊन टाकायला?”

“अगं बाई! मंग काय म्हणता?”

“तिचा आजा आलाय म्हणीन.”

“तेवढं बस झालं,” ती म्हणाली.

तिसऱ्या रविवारी मी आत जाऊन बसलो. पोर्चच्या त्याच भेगेखालून गेलो, वर पाहिलं नाही. पंच पुन्हा उभा राहिला. पाळक शांतपणे म्हणाले की पुकारीत हरकत घ्यायची ती आधीचं लग्न, जवळचं नातं किंवा कमी वय असेल तर. आजोबा देव मानत नाहीत हे त्यात बसत नाही. पंच म्हणाला, “मंग हात मामानं द्यावा.” बायकांच्या बाजूनं नात उठली. “मामा पाहुणे म्हणून येतील,” ती म्हणाली. “हात आबांचा.” पंच बसला.

लग्नाला गुरुजी आले नाहीत. टपरीवर माझ्या जागी त्यांनी पेपर ठेवला असं ऐकतो. मी नातीचा हात धरून पुढपर्यंत चालत गेलो. पाळकांनी विचारल्यावर मोठ्यानं म्हणालो, “तिचा आजा आलाय.” पाळकांनी मान डोलावली आणि प्रार्थनेला सुरुवात केली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडेच ठेवले, आणि पाहतो तर पहिल्या बाकावर पंचाचेही उघडे. तो मला पाहत होता. मी पाहिलं तसे त्यानं जल्दी मिटले.

पंगतीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, कारण दुसरीकडं जागा नव्हती.

मी विचारलं, “काय पाहून राह्यलता?”

“तू डोळे मिटतो का ते.”

“अन् तुझी प्रार्थना?”

“तू मला करूच कुठं दिली?” त्यानं रागानं माझ्याकडचं वरणाचं भांडं ओढलं, स्वतःला वाढून घेतलं, आणि मग माझ्याही भातावर ओतलं.