सोळा हजार किलोमीटरचा वळसा

सहीबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या मी भूगोल शिकवत होते त्या वर्गाच्या दारात. अंगात पोस्टाचा गणवेश, हातात रजिस्टर पत्र. शिपाई म्हणाला, "द्या इकडे, मी देतो." त्या म्हणाल्या, "नाव बाईंचं, सही बाईंचीच," आणि तास संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मुलांनी त्यांचं नाव त्याच दिवशी पाडलं.

निवृत्तीनंतर त्यांनी वेगळंच टपाल धरलं. एखाद्या दात्याच्या शरीरातून काढलेल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी थंड पेटीत ठेवून दूरच्या रुग्णालयात हातोहात पोचवायच्या. एका संस्थेसाठी, विनामोबदला. मुदत बहात्तर तासांची.

सातव्या खेपेला विमानतळावरून त्यांचा फोन आला.

"बाई, नकाशा काढा. आमचं विमान बिघडलंय. पुढचं थेट परवा."

तीस तास आधीच खर्ची पडले होते, बेचाळीस उरले होते. पेटी एका अकरा वर्षांच्या मुलीसाठी होती. नव्या पेशींना जागा करायला डॉक्टरांनी तिच्या हाडांतली रक्त तयार करणारी जुनी मज्जा औषधांनी संपवली होती. पेटी पोचली नाही, तर तिला मागे फिरायला वाट नव्हती.

थेट अंतर नऊ हजार किलोमीटर, अकरा तासांचं. काउंटरवरच्या मुलीने दोन पर्याय दिले होते. एक पश्चिमेकडून, दहा हजार किलोमीटरचा. दुसरा आधी चार हजार दक्षिणेला आणि तिथून बारा हजार वर. मी नकाशावर बोट ठेवून ठामपणे सांगितलं, "पश्चिमेकडून जा. जवळचं आहे."

"किलोमीटर पेटीला कळत नाहीत हो बाई! तिथे मध्ये सव्वीस तास बसवून ठेवतात. उडायचे तेरा, पुढे गाडीचे चार. करा बेरीज."

त्रेचाळीस. भूगोलात जन्म घालवून मी एका तासाने नापास झाले.

"रेल्वेचं फाटक पडलं की मी कधी उभी राहिले का? पुलावरून लांबून जायची, पण पत्र वेळेत," त्या म्हणाल्या. मग फोन कानाला तसाच ठेवून काउंटरवर, "ते दक्षिणेचं द्या."

"आजी, ते तर उलट्या दिशेला जातं. आणि तासाभरात सुटतंय."

"आजी मी घरी. इथे मी टपाल आहे. छापा तिकीट!"

आधी पाच तास उडून, तीन थांबून, मग साडेचौदा उडून आणि चार तास गाडीतून पेटी मांडीवर धरून त्या अठ्ठावन्नाव्या तासाला रुग्णालयाच्या दारात उभ्या होत्या. चौदा तास हातात राखून! परत आल्यावर मी कौतुक करायला गेले, तर म्हणाल्या, "अजून काय झालंय? पेशी रुजू तर देत."

पाच आठवड्यांनी संस्थेचा निरोप आला. सायकल फाटकावर तशीच टाकून त्या जिन्यातूनच ओरडत वर आल्या, "बाई! रुजल्या! पोरगी स्वतःच्या पायांनी घरी गेली!" शेजारचे सगळे दार उघडून बघायला लागले. आम्ही दोघी जिन्यातच एकमेकींचे हात धरून हसत राहिलो.

आज त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत, आणि तेविसावी खेप घेऊन काल सकाळी निघाल्या आहेत.