लुंगीचा खडक

“नाव आधी, चहा मागून,” असं हमीदचाचा म्हणायचे.

कुवेतमधल्या शुवैखच्या गल्लीत त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. शुक्रवारी नमाजानंतर शटर अर्धं वर जायचं आणि आमच्या खाडीकाठच्या गावची माणसं वाकून आत शिरायची. गाव रत्नागिरीकडचं, पण जुनी नावं तोंडावर असलेली निम्मी माणसं इथे कुवेतात. सरकारी नकाशात नुसते गट नंबर. म्हणून गावच्या शाळेत लावायला जुन्या नावांचा नकाशा करायचं चाचांनी मनावर घेतलं. खोक्याच्या मोठ्या पुठ्ठ्यावर त्यांनी खाडी काढली, अशी हळू, की जणू भरतीची वाट बघत होते. शेजारी वही. तीत नाव, अर्थ आणि दोन साक्षीदार. दोघांचं जुळलं की शाई, मग थर्मास.

कुणाची लाज म्हणून काही गाळायचं नाही, हा नेम. राई भागातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला असलेल्या सर्फराजचे आजोबा खेकडा मागे लागला म्हणून बांधावरून मशिदीपर्यंत धावले होते. तेव्हापासून तो पळबांध. अर्थाच्या रकान्यात खेकडा नको, कुत्रा लिहा, म्हणून सर्फराजने तीन शुक्रवार विनवलं. खेकडा राहिला.

नकाशा शनिवारी विमानाने जायचा होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी, चाचांच्या आत्या, रबिया फुफी, जाब्रियाहून आल्या. त्यांनी चष्मा लावून वही वाचली. ‘लुंगीचा खडक. अर्थ : आकार लुंगीसारखा.’ त्यांनी चष्मा काढला.

मग फुफींनी शांतपणे सांगितलं. त्यांचे बाबा, म्हणजे चाचांचे आजोबा, लग्नाआधी ओहोटीला त्या खडकावर कालवं काढायला गेले आणि भरतीत अडकले. होडीला दिसावं म्हणून लुंगी सोडून काठीला बांधली, हलवली. होडी वळली. होडीत मुलीकडची मंडळी होती, मुलगा बघायला निघालेली.

“आणि त्यांनी तो बघितला,” फुफी म्हणाल्या.

शटरपर्यंत हसू गेलं. चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, साक्षीदार एकच आहे, दोन लागतात.

“चाचा, मग माझा खेकडा खोडू?” सर्फराजने विचारलं.

फुफींनी थर्मास आपल्याकडे ओढला. “हमीद, माझ्या आईने तुला हे सांगितलं तेव्हा तू किती वर्षांचा होतास?”

चाचांनी पेनाचं टोपण काढलं.

“आठ,” ते म्हणाले.

मग त्यांनी जुना अर्थ खोडला, नवा लिहिला, पहिल्या साक्षीदारात फुफींचं नाव घातलं, दुसऱ्यात स्वतःचं. लुंगीचा ‘ल’ तर असा काढला, की वाऱ्यावर फडकावा. फुफींनी कप भरला. तो तसाच ठेवून चाचा शटरखालून वाकले आणि भर उन्हात ताठ मानेने चालू लागले.

आम्ही सगळे शटरखालून डोकी काढून बघत होतो, सर्फराज सगळ्यांत पुढे. गल्लीच्या टोकाला चाचा थांबले, दोन्ही हातांनी विजारीचा पट्टा एक भोक आवळला आणि कोपऱ्यावरून वळले.