बशीची मूठ

आमच्याकडे चहा बशीतच ओतून पितात. कपातून पिणारा एक तर घाईत असतो, नाहीतर साहेब असतो. अर्धांगवायूच्या दोन झटक्यांत वडिलांचा डावा हात पार गेला, उजवा निम्मा राहिला. काठी टेकत चालायचे, पण बशी तोंडाशी धरायला दुसरा माणूस लागायचा. घरात त्यांनी ते चालवून घेतलं. आमच्या कोरीट गावातल्या चहाच्या टपरीवर मात्र, बरोबरीच्या म्हाताऱ्यांसमोर, मुलानं बशी तोंडाला लावायची? त्यांनी टपरीच सोडली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला ते बघवत नव्हतं.

मी बशीच्या कडेला शाडूची मूठ थापली आणि त्यांची वाकडी बोटं तिच्यात दाबून घेतली. बशी उचलली की त्यांनी! पण शाडूच ती, चहा सांडला की विरघळणार. म्हणून नंदुरबारच्या एका डिझाइन केंद्रात गेलो. तिथं बाहेरून आलेला एक तज्ज्ञ होता. त्यानं नाक मुरडत हातमोजे चढवले आणि बशीसकट मूठ स्कॅन केली. मातीला हात लावायला हातमोजे, काय म्हणावं आता.

पुढं त्यानं पडद्यावर जे दाखवलं ते पाहून मी कपाळावर हात मारला. बोटांचे खड्डे त्याला स्कॅनमधला कचरा वाटले होते. सगळे घासून गुळगुळीत. मूठ दोन्ही बाजूंनी सारखी. आणि बशी तर उडवूनच टाकलेली. तिच्या जागी कॉफीचा उंच मग! बशीतून हल्ली कोण पितं, असं वर मलाच विचारलं. वडिलांची मान मागं जात नाही, खोल भांडं त्यांना कलतं करता येत नाही, हे मी सांगितलं, तर म्हणे वापरणाऱ्याला सवय लावावी लागते. या शहाण्यानं उभ्या जन्मात कुणा आजाऱ्याला घोटभर पाणी पाजलं नसेल. तरी त्यानं तो मग थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा छापला, प्रदर्शनात मांडला आणि शेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढून घेतले.

मी मूळ स्कॅनची फाइल तेवढी मागून आणली. घरांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढून पोट भरतो मी, एवढं तर येतंच. खड्डे जसेच्या तसे ठेवले. मूठ आतून पोकळ केली, बशीची कड अडकवायला खाच कापली. आधी खाच अरुंद पडली, बशी बसेना. ती रुंद करून पुन्हा छापून घेतली.

मग वडिलांना टपरीवर नेलं. म्हाताऱ्यांनी बाकावर सरकून जागा केली. वडिलांनी मूठ धरली, बशी उचलली, थोडा चहा धोतरावर सांडला, उरलेला फुर्रकन ओढला. मी रुमाल काढून पुसायला वाकलो.

माझ्याकडे न बघता ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "तू घर जाय आते. मी येसू."