मावशींनी माझी प्रार्थना मधेच थांबवली

मित्रांनो, आज दुपारी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी प्रार्थना मधेच थांबवली. आणि मला त्याचा आनंद आहे!

रनाळ्याच्या शांतामावशींचे यजमान महिन्यापूर्वी गेले. तेव्हापासून त्यांनी चूल पेटवली नव्हती. शेजारणींचे डबे बहुतेक तसेच परत जायचे. देवावर रागावून, मी पाळक असलेल्या चर्चलाही त्या येईनात. आज सकाळी त्यांचाच निरोप आला, "जेवाले ये." मी धावतच गेलो.

मावशींनी तव्यावर भाकरी टाकली आणि मला प्रार्थना करायला सांगितलं. देवाने मला आवाज दिलाय, पण लगाम दिला नाही. मी जगाच्या निर्मितीपासून सुरुवात केली. जलप्रलयापर्यंत पोहोचलो, तोच मावशी गरजल्या, "आमेन!"

डोळे उघडले तर घरभर धूर.

"भाऊ, देवले समदं मालूम शे. भाकर करपी गयी ना!"

आणि त्या खळखळून हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदा!

मी विचारलं, "मावशी, देवावरचा राग गेला का?"

"नही रे. रोज भांडस मी त्यानासंगे. पन भांडाले बी तोच शे ना! आज त्यानी सांगं, पहिले जेवी ले, मंग भांड."

श्रद्धावंताने रडू नये, असं मी व्यासपीठावरून कितीदा ठणकावलंय. साफ चुकलो! श्रद्धावंत रडतो, देवाशी कडाकडा भांडतो, पण त्याच्याशी बोलणं सोडत नाही. त्या बोलण्यातूनच एक दिवस उठायचं बळ मिळतं.

तुम्ही कधी देवाशी असे भांडलात का? सांगा. आज मी बोलणार नाही, ऐकणार आहे.