उजव्या हाताला हद्द

ज्या घरात एक माणूस विसरायला लागतो, तिथं बाकीच्यांना दुप्पट लक्षात ठेवावं लागतं. म्हणून आमच्याकडे किस्से फार साचलेत. कोणाला सांगितले की लोक आधी हसतात, मग "अरेरे" म्हणतात आणि मग त्यांना एकदम काहीतरी काम आठवतं. त्यामुळे हल्ली मी हसण्यापाशीच थांबते.

आमची मंडळी मोजकी. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, सर्वेअर होते. भीमपूरपासून इचोड्यापर्यंत लोकांची शेतं पायी फिरून मोजण्यात त्यांची नोकरी गेली. आई घर सांभाळते, म्हणजे आता बाबांना सांभाळते. दादा हैदराबादला, सातव्या मजल्यावर. आणि मी मीनू. शिकले एम.एस्सी., करते घरगुती केकच्या ऑर्डरी, आणि स्वभावानं दचकरी. कुकरची शिट्टी, ओव्हनची टिंग, भिंतीवरची पाल, मला काहीही पुरतं. पण खरी छाती धडधडते ती एकाच आवाजानं. आमच्या फाटकाची कडी. खट्!

*

मी रनर कशी झाले, ते आधी सांगते. कॉलनीत सगळ्यांना वाटतं की मी फिटनेसवाली आहे.

कडी वाजली की समजायचं, बाबा निघाले. उन्हातान्हात शेतं तुडवलेला माणूस. त्यांना चालत जाऊन गाठताच येत नाही, पळावंच लागतं. पहिल्यांदा हाताला क्रीम लागलेलं होतं, तशीच चपला घालून धावले. शाळेच्या कोपऱ्यावर चपलेचा अंगठा तुटला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले अन् बूट घेऊन आले. आता केक फेटतानाही बूट पायातच असतात.

बाबा जातात कसे, तर उजवा हात भिंतीला लावून. नोकरीत ते नव्या पोरांना शिकवायचे, "हद्द उजव्या हाताले धरावी. मंग मानूस चुकत नाई." त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही कायम काळी. आई घासून घासून थकली. पूर्वी ते असे हात घासत शाळेला वळसा घालून आपोआप घरी यायचे. मग रस्ता रुंद करायला शाळेची भिंत पाडली. भिंतच नाही म्हटल्यावर बाबांचा हात पुढचं कुंपण धरतो, त्याच्या पुढचं धरतो, आणि ते थेट गावाबाहेर!

शेजारच्या सुजाताक्का शाळेत गणित शिकवतात. त्या गेटवर उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. "सूपर, मीनू! फादर-डॉटर जॉगिंग! हमारे ये तो सोफे से नहीं उठते!"

मी पळता पळता "थँक्यू अक्का" म्हणायची. थांबून खरं सांगेपर्यंत बाबा कापसाच्या यार्डाच्या पार गेले असते.

एकदा मात्र त्यांनी हाक मारली, "आज पापा इतने आगे क्यों? झगड़ा हुआ क्या?"

*

दादाचं म्हणणं सरळ आहे. "आणखी एकदा बाबा हरवले ना मीनू, तर मी येऊन त्यांना घेऊन जाणार. इथं दार लावलं की विषय संपला."

तो वाईट नाही. हे बोलताना त्याचा आवाज फुटतो, तो नाक ओढतो, मला ऐकू येतं. पण तिथं राहून काय होतं ते मी पाहिलंय. मागं बाबा आमच्याबरोबर त्याच्याकडे राहायला गेले होते. सातव्या मजल्यावर लिफ्टपासून जिन्यापर्यंत अन् जिन्यापासून लिफ्टपर्यंत, भिंतीला हात लावून फिरत बसले. वॉचमननं विचारलं, "अंकल, पेंट का ठेका आपका है क्या?"

संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "हे शिवार लय लहान हाये. अन् बाहेर जायाचा रस्ता कागदावर कोनी दाखोलाच नाई."

परत आल्यावर आईनं आमच्या घरात एक शब्द बंद केला. 'हरवले' म्हणायचं नाही, 'फिरायला गेले' म्हणायचं. दादाचा फोन आला की, "हो रे, आत्ताच फिरून आले." अन् मी शेजारी धापा टाकत उभी!

*

नागपूरला डॉक्टरकडे जायचं, तर त्यालाही आम्ही ट्रिप म्हणतो. 'दवाखाना' म्हटलं की बाबा गाडीत बसत नाहीत. म्हणून पुऱ्या, बटाट्याची भाजी, मी केलेला रव्याचा केक, सतरंजी, सगळं घ्यायचं. पैनगंगेच्या पुलापलीकडे झाडाखाली बसून खायचं. मग हळूच पुढं न्यायचं.

डॉक्टर म्हणाले, "काका, आज वार कोणता?"

बाबा म्हणाले, "तुमचा दवाखाना चालू हाये म्हनजे रविवार नाई. बाकी वाराले काय फरक पडते?"

डॉक्टरांना हसू आलं. त्यांनी कागद दिला. "एक घड्याळ काढून दाखवा बरं."

बाबांनी गोल काढला. सुरेख, एका दमात. मग खूप वेळ विचार केला. मग गोलाच्या बाहेर एक बाण काढून वर लिहिलं, 'उत्तर'. अन् कागद डॉक्टरांपुढे सरकवून म्हणाले, "घ्या. काटे नंतर बसवा, पयले दिशा पाह्यजे."

डॉक्टर, आई अन् मी, तिघंही हसलो. परतीच्या वाटेवर, त्याच झाडाखाली, आईनं उरलेल्या पुऱ्या कुत्र्याला घातल्या. एकही पुरी तिनं स्वतः खाल्ली नाही. बाबा मात्र खूश. म्हणाले, "ट्रिप झकास झाली. पुढच्या खेपेले पोरांनाई आनू!"

मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

*

केकचा किस्सा मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

कोण्या चिन्नूच्या वाढदिवसाचा चौकोनी केक होता. आयसिंग करून, वर नाव घालून, टेबलावर ठेवला. बॉक्स आणायला आतल्या खोलीत गेले. परत आले तर बाबा टेबलापाशी वाकलेले, हातात सुतळी. केकवर सुतळी ताणून त्यांनी रेघा मारल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यांवर लवंगा रोवल्या होत्या. हद्दीचे दगड!

मी किंचाळलेच. बाबा शांत. म्हणाले, "बोंबलू नको. हिस्से पाडून राह्यलो."

आणि ते बोट ठेवून सांगायला लागले. हा दादाचा. हा मीनूचा. हा त्यांच्या धाकट्या भावाचा. काका जाऊन कितीतरी वर्षं झाली. हा आईचा, त्यात विहीर. विहीर म्हणजे चिन्नूच्या नावातला एक लाल गोळा होता.

आईनं विचारलं, "अन् अवो, तुमचा हिस्सा कुठी हाये?"

बाबांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "माहा कायचा? मी मोजनारा. मोजनाऱ्याले हिस्सा नसते."

चिन्नूसाठी दुसरा केक केला. तो पहिला आम्ही लवंगा काढून खाल्ला. काकांचा तुकडा कोणी घेतला नाही.

*

जैनथच्या देवळात सहल नेली होती. दादा, वहिनी आलेले. म्हणजे आई अन् मी जास्तच सावध. वहिनी फोटो काढत होती. मी एक क्षण तिचा पदर नीट करायला वळले, अन् बाबा नाहीत!

दादा पांढरा पडला. "बघितलंस? बघितलंस?" म्हणत देवळाला वळसा घालून धावला. मी त्याच्या मागं. वहिनी माझ्या मागं, फोन हातात. एक फेरी झाली. बाबा नाहीत. दुसरी झाली. नाहीत. पुजारी आमच्याकडे कौतुकानं बघायला लागला. इतक्या जोरात प्रदक्षिणा त्यानं पाहिल्या नसाव्यात!

आम्ही धापा टाकत पुढं आलो, तर आई पायरीवर बसलेली. तिच्या शेजारी बाबा, प्रसाद खात.

झालं असं की बाबाही देवळाभोवतीच फिरत होते, भिंत उजव्या हाताला धरून. आम्ही ह्या भिंतीला, ते त्या भिंतीला. सगळे एकाच दिशेनं, सगळे घाईत!

दादा ओरडला, "आई, तू अशी बसून काय राहिलीस?"

आई म्हणाली, "तुमी सगळे पळत होते. कोनाले तरी एका जागी सापडाले पाह्यजे ना बापा."

त्या वेळी दादा हसला. मला वाटलं, निभावलं.

*

निभावलं नाही, ते माझ्यामुळे. गावात फाइव्ह के रन झाली. सुजाताक्कानं परस्पर माझं नाव दिलं. बाबांना एकटं कुठं सोडायचं, म्हणून बरोबर नेलं. तिथल्या एका उत्साही मुलीनं त्यांच्याही छातीवर नंबर लावला अन् म्हणाली, "अंकल, यू आर इन्स्पिरेशन!"

शिट्टी वाजली. मी दचकले. तेवढ्यात बाबा सुटले!

स्टेडियमच्या भिंतीला हात लावून, गर्दीच्या कडेनं. मी जिवाच्या आकांतानं धावले. लोक टाळ्या वाजवत होते. मी रडत होते. ते लोकांना घाम वाटला असेल. वळणावर सगळे डावीकडे गेले, बाबा उजवीकडे. मग मी पण उजवीकडे. कुंपणाच्या फटीतून त्यांना ओढून काढलं अन् तशीच दंडाला धरून रेषेच्या पार आणलं. आम्ही बराच रस्ता गाळलाय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी बायकांत तिसरी आले. मेडल घातलं, फोटो काढला. सुजाताक्कानं तो सगळीकडे पाठवला.

दुपारी दादाचा फोन. "अभिनंदन गं! काय फोटो आहे!" मग म्हणाला, "बाबांच्या पायात एकच चप्पल कशी काय?"

मला पटकन खोटं सुचत नाही. दुसरी चप्पल कुंपणातच राहिली होती.

"दिवाळीला येतो," दादा म्हणाला. "त्यांची बॅग भरून ठेव."

*

दिवाळीत दादा आला तो फाटकासाठी कुलूप घेऊनच. त्यानंतर कडी वाजली नाही. बाबा सकाळी उठून फाटकाशी जायचे, कुलूप हातात घेऊन बघायचे, पुन्हा सोडायचे. चिडले नाहीत. मी दचकायचं कारण उरलं नव्हतं. तरी मी बूट काढले नाहीत.

जायच्या दिवशी सकाळी आई बॅगेत बाबांचे सदरे घालत होती, काळ्या बाहीचेसुद्धा. वाटेत खायला म्हणून मी रव्याचा केक ओव्हनमधून काढत होते. दादानं गाडी बाहेर काढायला फाटक उघडलं, अन् काच पुसायला फडकं आणायला आत आला. तेवढंच.

केक तसाच सोडून मी पळाले. मागं दादा, चावी हातात, घरातल्या स्लिपरवर. बिचारा दिवसभर खुर्चीत बसणारा. यार्डापर्यंत त्याला दम लागला. यार्डाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. तिच्या कडेकडेनं, मग तारेचं कुंपण, मग कापसाच्या पऱ्हाटीचं शेत. पुढं रस्त्याखाली ओढ्याची मोरी होती. तिच्या कट्ट्यावर बाबा बसले होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, जरा सरकले अन् कट्ट्यावरची धूळ हातानं झटकली.

"बसा बाई. काऊन एवढ्या पळून राह्यल्या?"

मी दादाकडे बघितलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे बाबा हरवलेत."

"अरे अरे." त्यांनी मान हलवली. मग एकदम ऑफिसातल्यासारखं विचारलं, "कोन्या बाजूनं जातात ते?"

"उजव्या."

"मंग सापडन. आमच्या घरी बी हेच हाये. माही पोरगी लय भितरी. कुकर वाजला तरी उडते. अन् मले तं बाहेर पडल्याबिगर राह्यवत नाई." ते जरा हसले. "म्हनून मी काय करतो, रोज उजवा हात सोडतच नाई. रस्ता बदलला तं ते पोर मले कुठी शोधन?"

दादा सरळ उभा राहिला. बाबांचं लक्ष त्याच्या हातातल्या चावीकडे गेलं.

"हे डरायवर का? बाबू, गाडी नको आपल्याले. पोरगी मागून येऊनच राह्यली असन. मी नाई दिसलो तं घाबरन ते."

दादानं चावी खिशात टाकली अन् बाबांच्या पलीकडे जाऊन बसला. मी अलीकडे बसले. समोरून कापसाच्या गाड्या जात होत्या.

आम्ही तिघंही माझी वाट बघत बसलो.