खांद्यावरची शेंग

माझ्या मुलीने खांद्याच्या मागच्या बाजूला टॅटू काढून घेतला आणि मी तिच्याशी बोलणं बंद केलं. वाघ-सिंह किंवा एखादा मंत्र असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं. तिने काढून घेतली होती भुईमुगाची शेंग. बारीक देठ, दोन पानं आणि खाली लोंबणारी एक शेंग, सगळं एका नाजूक काळ्या रेघेत.

"शेंगच का?" मी विचारलं.

"बसवनगुडीत वाढले म्हणून."

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर कार्तिकात शेंगांची जत्रा भरते. रस्ताभर ढीग लागलेले असतात आणि लहानपणी तिला तिथून अक्षरशः उचलून आणावं लागायचं. आम्ही नवरा-बायको मात्र पंचवीस वर्षं या कानडी मुलखात राहून अजून कुणी विचारलं की "आम्ही सातारचे" असंच सांगतो. म्हणजे पोरीने आम्हाला न विचारता आपलं गाव ठरवून टाकलं होतं, तेही न पुसता येण्यासारखं. मला ते लागलं. पण असं काही सरळ बोलायची मला सवय नाही, म्हणून मी सुया, जंतू आणि त्वचारोग यांवर व्याख्यान दिलं. ती म्हणाली, "झालंय आता, आई." आणि अबोला सुरू झाला.

आमच्याकडे अबोला धरला की काम वाढतं ते नवऱ्याचं. "तिला सांगा, डबा ओट्यावर आहे." "बाबा, आईला सांग, व्हाइटफील्डच्या ऑफिसातून यायला उशीर होईल." आम्ही तिघंही एकाच टेबलाशी बसलेलो असायचो. नवरा म्हणायचा, "दोघींनाही ऐकू आलंय असं मी धरून चालतो."

टॅटूची निगाही त्याच्याकडेच आली, कारण तिचा स्वतःचा हात तिथवर पोचत नव्हता. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने धुवायचं, न चोळता टिपून घ्यायचं, मग मलमाचा पातळ थर. हा माणूस डोशावर लोणी घालावं तसं मलम थापायचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे आणि ओठ आवळून परत कांदा चिरायला जायचे. तिसऱ्या दिवशी त्याला ऑफिसने दोन आठवड्यांच्या दौऱ्यावर पाठवलं.

त्या संध्याकाळी मुलगी माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली आणि मलमाची ट्यूब खांद्यावरून मागे धरली. मी ट्यूब घेतली.

आता इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात आहे. इतरांनी बनवलेल्या सुट्या भागांमधले दोष शोधायचे, हे माझं चोवीस वर्षांचं काम. घरचे म्हणतात, मी त्यातून रजा कधी घेतच नाही. त्यामुळे टॅटूवाल्याने दिलेला सूचनांचा कागद मी फ्रिजवर लावला, शेजारी तारखांचा तक्ता आखला आणि प्रत्येक धुण्यापुढे बरोबरची खूण करायला लागले.

"ही माझी पाठ आहे, मशीन नाही," ती म्हणाली. अबोला धरल्यापासून थेट मला उद्देशून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

"मशीन निदान हलत नाही," मी म्हणाले.

असं बोलणं सुरू झालं. मलम लावायला दोन मिनिटं लागतात, पण ती दहा-दहा मिनिटं उठायची नाही. एकमेकींची तोंडं दिसत नसली की आमचं बरं जमतं, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं. तिचा मॅनेजर मीटिंगमध्ये तिचंच काम स्वतःचं म्हणून कसं सांगतो, ते तिने सांगितलं. मी शोधून दिलेल्या पुण्याच्या नोकरीला तिने महिन्यापूर्वीच नकार कळवला होता, तेही सांगितलं. एरवी मी यावर तासभर बोलले असते. हातात मलम असल्यामुळे नुसतं "बरं" म्हणाले.

आठव्या दिवशी, मंगळवारी, खपल्या सुटायला लागल्या. कागदावर जाड अक्षरात लिहिलं होतं की खपली ओढायची नाही. त्या ओळीपुढेही मी खूण केलेली होती. पण देठाजवळची एक खपली एका टोकाला उचलली गेली होती. तयार भागाच्या कडेला धातूचं बारीक कुसळ राहतं ना, अगदी तशी. असं काही दिसलं की माझं नख मला न विचारता तिकडे जातं. तसंच गेलं. खपलीबरोबर रेघही आली. तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी जागा उघडी पडली आणि शेंग देठापासून सुटली.

"काय झालं?"

"काही नाही."

"कसं दिसतंय?"

"ठीक."

आमच्या विभागात नियम आहे. तपासताना आपल्या हातून भाग खराब झाला, तर त्याच दिवशी त्याला लाल चिठ्ठी लावायची आणि त्यावर स्वतःचं नाव घालायचं. दर वर्षी नव्या मुलांना हा नियम मीच समजावते. ओरखडा माफ होतो, लपवणं होत नाही, हे वाक्य म्हणताना मी चष्मासुद्धा काढते.

घरी मी पाच दिवस "ठीक" म्हणत राहिले. ती फोटो मागायची आणि मी कुर्त्याचा काठ नेमका देठावर येईल असा काढायचे. "तुला फोटो काढता येत नाही, आई," ती म्हणाली. एखादी गोष्ट मला येत नाही हे मी इतक्या आनंदाने कधीच मान्य केलं नव्हतं. भीती टॅटूची नव्हती. ती स्टुलावरची दहा मिनिटं जातील, ही होती.

रविवारी टॅटूवाल्याने तिच्याकडे नीट, सरळ फोटो मागितला. तिने फोन माझ्या हातात दिला. मी कुर्त्याचा काठ बाजूला केला, फोटो काढला आणि फोन परत दिला.

"ती मधली जागा माझ्यामुळे आहे. मंगळवारी खपली काढली मी."

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघितला.

"आज रविवार आहे."

"हो."

"खपलीचं एक असू दे. पण रोज 'ठीक' कसं म्हणालीस गं?"

हा प्रश्न मी आजवर कितीतरी जणांना विचारला आहे. समोरच्या खुर्चीतून तो कसा ऐकू येतो, ते मला माहीत नव्हतं. "वाटलं, सांगितलं तर तू उठून जाशील," मी म्हणाले.

ती उठून गेली.

पुढचे दोन दिवस ती न्हाणीघरातल्या आरशात बघत चमच्याच्या मागच्या बाजूने स्वतःच मलम लावत होती. चमचा फरशीवर पडल्याचा आवाज यायचा. मी जात नव्हते. तिसऱ्या संध्याकाळी ती येऊन स्टुलावर बसली. "हात अवघडतो," एवढंच म्हणाली. मी मलम लावलं. मलम लागताच ती उठली. चौथ्या दिवशी तिने मॅनेजरचं पुढचं सांगितलं, आणि खपल्यांबद्दल मी दिसेल तेवढं सगळं सांगितलं, तिने न विचारता.

महिन्याभराने तुटलेली रेघ भरून घ्यायला गेलो. नवरा दौऱ्यावरून परत आला होता, पण तिने मलाच बरोबर घेतलं. टॅटूवाला कोपरापर्यंत चितारलेला, मृदू बोलणारा मुलगा होता. त्याने जागा बघितली आणि हिंदीत विचारलं, खपली कुणी ओढली?

"मीच. झोपेत," मुलगी म्हणाली.

त्याने तिच्या हाताकडे बघितलं, खांद्याकडे बघितलं, आणि मग मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या माझ्याकडे. "सरी," म्हणजे बरं, असं कानडीत म्हणाला आणि कामाला लागला. रेघ भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"आता काळजी कोण घेणार?" हातमोजे काढत त्याने विचारलं.

मुलगी पालथी पडली होती. मान न वळवता तिने अंगठा माझ्या दिशेने केला. त्याने सूचनांचा नवा कागद माझ्या हातात दिला, आणि तरी खपलीची ओळ स्वतः मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा. मी दोन्ही वेळा नीट ऐकून घेतली.