सकाळचे तीन तास आणि बाकीची कामं

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ चाललं होतं. मुलीचे मामा समोर बसून नावांचा क्रम बदलत होते. फोन कुंदाच्या घरमालकांच्या सुनेचा होता. "सुमनताई, कुंदामावशी जेवून खुर्चीत बसल्या होत्या, त्या हाकेला ओच देत नाहीयेत…" मी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थांबलं, म्हणाले. त्रेसष्टावं वर्ष चालू होतं तिला. संध्याकाळी पूर्णगडहून भाऊ-भाचे आले, आणि त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "पेपरात निधनाचं द्यायला हवं ना? मजकूर कोण लिहिणार?"

रत्नागिरीत कोर्टाजवळच्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात पंचवीस वर्षं ते काम कुंदाच करत होती. गेलेल्या माणसाच्या घरचे आले की ती आधी विचारायची, "त्यांना कशाची आवड होती?" लोक गोंधळायचे. दु:खद निधन, परोपकारी, मनमिळाऊ एवढंच छापायचं असतं अशी त्यांची समजूत. मग कुणीतरी म्हणायचं, रोज भाट्याच्या पुलापर्यंत चालत जायचे, मग पुलावर उभं राहून होड्या मोजायचे. कुंदा तेवढंच लिहायची. त्या दिवशी मी कीबोर्डसमोर बसले. नाव, गाव, वय लिहिलं. पुढे ‘लेखिका’ लिहिलं. सुप्रसिद्ध, ज्येष्ठ यातलं काही तिला सोसलं नसतं. एवढ्यावरच थांबले आणि पाठवून दिलं.

आमची ओळख कॉलेजातली. तिचे वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे मोठ्या होडीवरचे प्रमुख होते, पूर्णगडच्या खाडीतून त्यांची ये-जा चालायची. बीए झाल्यावर ती एका खाजगी शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून लागली आणि कायम होण्याची वाट बघत सहा वर्षं राहिली. त्याच काळात तिच्या कथा दिवाळी अंकांतून येऊ लागल्या. मग संगमेश्वरच्या एका पतपेढीत तिला कायमची नोकरी मिळाली. तिची आई केवढी खूश झाली होती! आठ महिन्यांनी कुंदा राजीनामा देऊन माझ्याकडे आली. मी विचारलं, "काय झालं? कुणी त्रास दिला?"

"नाही गो. माणसं चांगली होती. पहाटे उठून गाडी पकडायची, रात्री परत. आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही मी. असंच चाललं तर मी लिहायचे हेच विसरून जाईन."

त्यानंतर तिने स्वत:साठी एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला. सकाळी सहा ते नऊ लिहायचं. नऊच्या आधी बोलावणारं कुठलंही काम घ्यायचं नाही, आणि नऊनंतरचं कुठलंही काम हलकं मानायचं नाही. आईने वर्षभर धड बोलणं टाकलं होतं. तरी सकाळचा चहा मात्र ती न बोलता टेबलावर आणून ठेवायची.

मग सुरू झाली कुंदाची कामं. काजूच्या कारखान्यात ती अख्खे काजू आणि तुकडे वेगळे करायला बसली. आंब्याच्या मोसमात पेट्यांवर पत्ते लिहिले. तिचं अक्षर लांबून वाचता येतं म्हणून बागायतदार तिला मुद्दाम बोलवायचे. वेळणेश्वरला एका लॉजवर दोन हंगाम पाहुण्यांची उठबस पाहिली. जनगणनेच्या वेळी पायात कॅनव्हासचे बूट घालून वाड्यावाड्या फिरली. बदली होऊन आलेल्या परप्रांतीय बँक अधिकाऱ्यांना मराठी शिकवलं. त्यातला एकजण शिकवणी संपताना तिला म्हणाला होता, "मॅडम, आता मला मासळीवाली फसवू शकत नाही." कुंदा म्हणाली, "मग मी नीट शिकवलं नाही."

एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर दोन्ही उमेदवारांची पत्रकं तिनेच लिहिली. दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. मतदानानंतर दोघे माझ्याच दुकानात समोरासमोर आले आणि एकमेकांच्या भाषेचं कौतुक करू लागले. आम्ही दोघी आत पोटमाळ्याच्या शिडीखाली तोंडात पदर कोंबून उभ्या!

पण ही सगळी कामं ती नुसती पोटासाठी करत नव्हती, असं मला आज म्हणावंसं वाटत असलं, तरी ते खरं नाही. पोटासाठीच करत होती. दमायची, चिडायची. पाऊस लागला की कामं आटायची आणि ती नुसती दुकानात येऊन बसायची. "तुमचं लेखन ठीक, पण करता काय?" असं कुणी विचारलं की तिचा चेहरा उतरायचा. एकदा तर ती म्हणाली होती, "सुमन, मी कुठल्याच कामात पुरी नाही. काजूवाल्या बायका मला लेखिका म्हणतात आणि लेखक मला कारकून समजतात." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मात्र तिच्या खिडकीत दिवा होता. मी दूध आणायला जाताना बघितला.

माझ्या दुकानात ती अर्ज लिहायला बसू लागली आणि तिथेच हिरावैनी आल्या. पूर्णगडच्याच, कुंदाच्या शेजारघरच्या. नवरा वादळात मचव्यावरून गेला तो सापडलाच नाही. देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून कुठलीच मदत नाही. घर, होडी, सगळं एका नाहीशा झालेल्या माणसाच्या नावावर अडकलेलं. कुंदाने सात वर्षं त्यांचे अर्ज लिहिले. कचेरीत जाऊन उभी राहिली. साहेब बदलला की पहिल्यापासून सुरू. शेवटी दाखला हातात आला त्या दिवशी हिरावैनींनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "एवड्याशा कागदासाठी एवडा कागद लिवलास गो तू."

त्यानंतर काही दिवसांनी कुंदाने त्यांना विचारलं, "वैनी, ह्याच्यावर मी पुस्तक लिहू? नाव बदलेन."

"लिव. पन मला रडकी करू नको."

ती कादंबरी लिहायला तिला पाच वर्षं लागली. मी टाइप केली. एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाकडे पाठवली आणि चक्क उत्तर आलं. छापायची इच्छा होती, पण शेवट बदलून हवा होता. कादंबरीच्या शेवटी ती बाई बर्फवाल्याशी भांडून मासळीची पाटी उचलते आणि बाजाराकडे चालू लागते. प्रकाशकाचं म्हणणं, वाचकाच्या मनाला हे भिडणार नाही. तिने नवऱ्यामागे समुद्रात चालत जावं.

कुंदा तेव्हा पन्नाशीला आली होती. आई अंथरुणाला खिळली होती, आणि आईने डोळे मिटण्याआधी हातात पुस्तक द्यावं ही एकच इच्छा तिला होती. चार दिवसांत तिने नवा शेवट लिहिला. मी टाइप करताना रडले. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "तू रडलीस ना… तेच मला नको वाटतंय."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पूर्णगडला गेली. हिरावैनींना वाचता येत नव्हतं. मागल्या पडवीत त्या जाळं सांधत बसल्या होत्या. कुंदाने आधी नवा शेवट वाचला. हिरावैनींचा हात थांबला नाही. बाई पाण्यात शिरली, गळ्यापर्यंत पाणी आलं, आणि हिरावैनी म्हणाल्या, "ही कोन बाय?"

कुंदाने हातातलं पान खाली ठेवलं.

"पोरांची शाळा होती. जीव द्यायला सवड कोनाला होती?"

मग कुंदाने पहिला शेवट वाचला. हिरावैनींनी जाळं बाजूला ठेवलं, पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "बर्फवाल्याला अजून दोन शिव्या घाल." दोन शिव्या त्यांनी सांगितल्याही. परतीच्या गाडीत कुंदा कित्येक दिवसांनी मनसोक्त हसली. रत्नागिरीत उतरल्यावर घरी न जाता थेट दुकानात आली आणि प्रकाशकाला पाठवायचं पत्र मला टाइप करायला सांगितलं. तीन ओळींचं. शेवट बदलणार नाही, कळावे. मी म्हटलं, "आईला काय सांगशील?" ती म्हणाली, "खरं ते."

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता दुसरीकडे कधी पाठवणार?" त्यानंतर पाच महिन्यांनी आई गेली. पुस्तक आईने पाहिलं नाही. कुंदाने त्या गोष्टीची हळहळ कधी लपवली नाही, पण पत्राबद्दल पश्चात्तापही कधी केला नाही. पुढची तीन वर्षं कादंबरी एकीकडून दुसरीकडे फिरत राहिली आणि कुंदा नऊ वाजता कामाला जात राहिली. शेवटी एका लहानशा प्रकाशकाने ती काढली, बर्फवाल्याच्या शिव्यांसकट. मोठा गाजावाजा झाला नाही. पण ती वाचून कुठल्या कुठल्या किनाऱ्यावरच्या बायकांची पत्रं येत, आणि कुंदा प्रत्येकीला उत्तर लिही. पहिली प्रत तिने हिरावैनींना दिली. त्यांच्या नातीने ती त्यांना वाचून दाखवली, दोनदा.

कुंदा जाऊन पंधरा दिवस झाल्यावर मी आणि तिची भाची खोली आवरायला गेलो. टेबलावर नव्या कादंबरीची दीडशे पानं होती. पुरी नाही झाली. भाची ती आता टाइप करतेय. जेवढी आहे तेवढी, कुणाचाही हात न लागू देता बाहेर काढायचं आमचं ठरलं आहे. त्या पानांच्या शेजारीच दुसरा गठ्ठा होता. मिक्सरबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकाचं भाषांतर. सहा पानं झालेली, पाच राहिलेली. एका वाक्याशी ती अडली होती. ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री करावी’ हे खोडलेलं. ‘झाकण व्यवस्थित लावल्याविना यंत्र चालू करू नये’ हेही खोडलेलं. खाली, तिच्या त्या लांबून वाचता येणाऱ्या अक्षरात: ‘झाकण हाताने दाबून बघा, मगच बटण लावा.’ मी शेजारच्या गठ्ठ्यातलं पान उचलून बघितलं. तिथेही तशीच खोडाखोड. तसाच तिसऱ्यांदा सापडलेला साधा शब्द.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो भाचीने चार्ज करून ठेवला होता. भाषांतराचं काम देणारा माणूस होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो बराच वेळ अवघडून "अरेरे" म्हणत राहिला, मग म्हणाला, "राहू दे ताई, दुसऱ्या कुणाला देतो."

"नको," मी म्हटलं. "परवापर्यंत पाठवते."

त्या खुर्चीत बसून मी उरलेली पाच पानं केली. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप केलं, स्वत: एक वाक्य रचायला इतका वेळ लागतो हे तेव्हा कळलं. मोटारीत पाणी जाऊ नये, एवढं सांगायला मी अर्धी दुपार घेतली. खोडलं, लिहिलं, मोठ्याने म्हणून बघितलं, भाचीला विचारलं, पुन्हा खोडलं. काम पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. भाषांतर छान झालंय, म्हणाला. मग त्याने विचारलं, "ताई, पाणी तापवायच्या यंत्राचं पत्रक आलंय. मावशींनाच देणार होतो. तुम्हाला पाठवू?"

"पाठवा," मी म्हटलं.